तिसऱ्या बाकावरची जागा

रविवारी सकाळी जुन्नरच्या चर्चची घंटा वाजायला लागली की मोहिनीबाई साळवे मिक्सर लावायच्या. चटणी हवी असो नसो, लावायच्याच. कधी शेंगदाण्याची, कधी जवसाची, कधी नुसतंच लसूण-खोबरं. घंटा थांबली की मिक्सर थांबायचा. मग वाटीभर चटणी शेजारी जायची आणि शेजारीण म्हणायची, "अहो बाई, गेल्या रविवारची अजून संपली नाही." मोहिनीबाई म्हणायच्या, "राहू द्या, खराब होत नाही."

चटणीचं उरकलं की त्या तांब्याला टेकवून फोन उभा करायच्या आणि खुर्ची ओढून समोर बसायच्या. फोनमध्ये पुण्याच्या एका मोठ्या चर्चची उपासना लागायची. तिथलं गायन झकास, आणि उपदेश करणारा तर असा की ऐकत राहावं. मोहिनीबाई चहाचा घोट घेत 'आमेन' म्हणायच्या, उपदेश लांबला तर गवार निवडायच्या. देव काय जुन्नरच्याच चर्चमध्ये बसलाय होय, असं त्या मनाशी विचारायच्या. आता हा प्रश्न त्या दर रविवारी विचारत होत्या, यावरूनच ओळखावं की त्याचं उत्तर त्यांना अजून पटलेलं नव्हतं.

अडुसष्ट वर्षांच्या या बाईंनी सारी नोकरी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून केली. नवरा वारला, मुलगा नाशिकला, आणि चर्च घरापासून इतकं जवळ की घंटा वाजवणाऱ्याला खोकला आला तरी यांना कळावं. लग्न होऊन आल्या त्या दिवसापासून चर्चमधला तिसरा बाक, खिडकीकडची जागा ही त्यांची. आधी तिथं सासूबाई बसायच्या. सासूबाईंनी सुनेच्या हाती दागिने फारसे दिले नाहीत, पण दोन गोष्टी दिल्या. एक ती जागा आणि दुसरं एक पितळी पातेलं.

पातेल्याचं सांगितलंच पाहिजे, कारण सगळं त्याच्यापायीच झालं. जुन्नरच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. येशूच्या आठवणीत भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. हा रस विकत आणायची इथं रीत नव्हती. काळी द्राक्षं तोडणीला आली की साळव्यांच्या घरी ते पातेलं कल्हई करून निघायचं. त्यात दुसरं काही शिजायचं नाही, पाहुण्यांचा चहासुद्धा नाही. द्राक्षं धुवायची, उकळायची, मलमलच्या फडक्यातून गाळायची, पुन्हा उकळायची आणि गरम गरम बाटल्यांत भरून बुचावर मेण ओतायचं. वर्षाची बेगमी. ते करताना सासूबाई बोलत नसत, मोहिनीबाई मात्र पातेल्याशीही बोलायच्या.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडी चर्चच्या पंचांची सभा झाली. कमिटीचा सेक्रेटरी सुनील, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचा पुतण्या. शाळेत मास्तर आहे, माणूस सरळ, पण कामाची घाई फार. कोरोनापासून काही लोक सगळ्यांनी एकाच प्याल्यातून प्यायला बिचकतात, तेव्हा छोटे छोटे प्याले आणावेत आणि तयार रसाच्या बाटल्याही मागवाव्यात, असा त्यानं ठराव मांडला. मोहिनीबाई म्हणाल्या, "प्याले आण बाबा, पण रस कशाला?" आणि सुनील हसत बोलून गेला, "काकू, किती दिवस तुमचं ते पातेलं?"

सभेत दोघंतिघं हसले. हसू वाईट नव्हतं, पण लागायचं तिथं लागलं. रविवारच्या शाळेत ज्याचं नाक यांनी पुसलं, तो चार लोकांत सासूबाईंच्या पातेल्यावर हसला. मोहिनीबाई उठल्या, पदर सारखा केला आणि घरी आल्या. पुढच्या रविवारी मिक्सर लागला.

त्याच महिन्यात मंडळीचे पाळक, म्हणजे उपासना चालवणारे धर्मगुरू, बदलले. नवे पाळकसाहेब तरुण होते, त्यांच्याकडे तीन ठिकाणच्या मंडळ्या. ते एकदा घरी आले, "सलाम, काकू" म्हणून बसले. मोहिनीबाईंनी चिवडा दिला. "मंडळीला तुमची गरज आहे," असं ते म्हणाले.

"कसली गरज? रस तर दुकानातून येतो."

"तुम्ही घरी प्रार्थना करता, ते चांगलंच आहे. पण प्रभुभोजन एकट्यानं होत नाही ना, काकू."

"चिवडा घ्या अजून," मोहिनीबाई म्हणाल्या. पाळकसाहेबांनी घेतला, प्रार्थना केली आणि गेले. ते वाक्य मात्र घरातच राहिलं. मोहिनीबाईंना ते केर काढताना आठवायचं, आणि मग केर जरा जास्तच जोरात निघायचा.

असं वर्ष गेलं. फेब्रुवारीत एका सकाळी दारासमोर टेम्पो थांबला आणि चिमाबाई उतरल्या. खोडदच्या, तिथल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्यांच्या अंगाला यांचा द्राक्षांचा मळा. फार मागे चिमाबाई बाळंतपणात अडल्या होत्या, तेव्हा मोहिनीबाईंनी रात्रंदिवस उशाशी बसून त्यांना आणि पोटातल्या भरतला वाचवलं. तेव्हापासून दर हंगामाला, व्यापाऱ्याचा काटा लागायच्या आधी, पहिला क्रेट साळव्यांच्या घरी यायचा. तो अंघोळ करून तोडायचा आणि घरातल्या कुणी त्यातला मणी तोंडात टाकायचा नाही, हा नियम मोहिनीबाईंनी नव्हे, चिमाबाईंनी घातलेला. देवाच्या ताटात जायचं ते उष्टं कसं चालेल, असं त्यांचं म्हणणं. देव कुणाचा, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही.

एरवी क्रेट भरत आणून द्यायचा. आज चिमाबाई स्वतः आल्या, आणि पाणीही न घेता म्हणाल्या, "नर्सबाई, खरं सांगा. गेल्या साली आमच्या मालात काय खोट निघाली का?"

"खोट? कुणी सांगितलं?"

"आवं, आमची नात श्रेया दिलीया शिनोलीला. तिच्याकडं गेलते. तिच्या घराशेजारीच तुमच्या मंडळीतलं ते म्हातारं ऱ्हातंय की, शांतवनमामा. मला बघून म्हणालं, चिमाबाई, तुमची द्राक्षं यंदा लागली न्हाईत का? म्या म्हणलं, लागली की, लई लागली. तर म्हणालं, मग रस का ईना? पाळक न्हाई, मोहिनीबाई न्हाई, वरीस झालं कुणी आलं न्हाई. मंडळी मोडली का काय, म्हणत व्हतं. मला रातभर झोप न्हाई बाई. म्हणलं, आपल्याच हातून काय विटाळलं का. तोडणीला बाया नवीन व्हत्या."

मोहिनीबाईंच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. आतल्या कपाटात गेल्या वर्षीच्या साऱ्या बाटल्या मेणासकट उभ्या होत्या. चिमाबाईंच्या मालात खोट नव्हती. खोट कुठं होती ते मोहिनीबाईंना त्या क्षणी नीट दिसलं, आणि लाजेनं त्यांचे कान तापले.

"तुमच्या द्राक्षांत काही नाही हो," त्या कशाबशा म्हणाल्या. "माझंच चुकलं."

"मग यंदाचा करताय न्हवं?"

"करते."

चिमाबाईंचा जीव भांड्यात पडला. त्या चहा पिऊन, जाताना चटणीची वाटी घेऊन गेल्या.

शांतवनमामा गायकवाड हे डिंभ्याच्या कालव्यावर पाटकरी होते. म्हणजे शेतांना पाळीनं पाणी सोडणारे. त्याआधी तरुणपणी जुन्नरला चर्चची घंटा तेच वाजवायचे. रिटायर झाल्यावर शिनोलीहून एसटीनं दर रविवारी यायचे, आणि खुब्याचं हाड मोडून खाटेवर पडल्यावर मंडळी त्यांच्याकडे जाऊ लागली. पहिल्या रविवारी उपासना सुटली की जुने पाळक आणि मोहिनीबाई भाकर नि रस घेऊन शिनोलीला निघायचे. भाकर पाळकांनी द्यायची, पण रस्ता, गाडी, मामांची औषधं आणि त्यांना ऐकू येईल असं मोठ्यानं बोलणं हे सगळं मोहिनीबाईंकडे.

पहिल्या महिन्यात त्यांना मामांची आठवण आली नव्हती असं नाही. आली होती, तेच तर वाईट होतं. आता कळू दे कमिटीला, असं म्हणून त्या बसून राहिल्या होत्या. कुणीतरी दाराशी येईल, काकू शिनोलीला कोण जाणार म्हणेल, मग आपण थोडे आढेवेढे घेऊ, असा मनात सगळा देखावा तयार होता. कुणी आलं नाही. मग त्या धरून चालल्या की लावली असेल काहीतरी सोय.

दुपारभर पातेलं चुलीवर होतं. या वेळी मोहिनीबाई सासूबाईंसारख्या गप्प होत्या. रस गाळता गाळता त्या रडल्या, आणि पदर फडक्यापासून लांब धरून रडल्या, कारण रसात काही पडता कामा नये.

शनिवारी दिवेलागणीला त्या सुनीलच्या दारात उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी पहिला रविवार होता. सुनील गडबडून उठला. वर्षभरात काकू या घराची पायरी चढल्या नव्हत्या.

"शिनोलीला कोण जातं?" त्यांनी उंबऱ्यातूनच विचारलं.

"शिनोलीला? तुम्हीच जाता ना, काकू?"

"मी? मी चर्चमध्ये येत नाही हे अख्ख्या जुन्नरला ठाऊक आहे."

"ते ठाऊक आहे," सुनील म्हणाला. "पण शिनोलीला जाणं तुम्ही थांबवाल, असं आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मला वाटलं, पाळकसाहेबांना परस्पर घेऊन जात असाल."

मोहिनीबाई खाली बसल्या. सुनीलनं तिथल्या तिथं पाळकसाहेबांना फोन लावला. त्यांची समजूत अशी की शिनोली आंबेगाव तालुक्यात, म्हणजे तिकडच्या पाळकांच्या वाट्याला. तिकडच्यांना वाटत होतं, मामा जुन्नर मंडळीचे सभासद, म्हणजे जुन्नरवाले बघतात. सगळ्यांनी एकमेकांवर विश्वास ठेवला होता आणि म्हातारा मधल्या मध्ये राहिला होता.

फोन ठेवून सुनील त्यांच्यासमोर येऊन बसला. मग म्हणाला, "काकू, पातेल्याचं बोललो ते चुकलंच. त्याच दिवशी कळलं होतं. पण तुमचं तोंड बघून माफी मागायला यायचा धीर झाला नाही."

"माझं तोंड तसंच आहे, त्याला काय करणार," मोहिनीबाई म्हणाल्या. मग आवाज खाली आला. "तू पातेल्याला बोललास, सुनील. मी त्याचा राग एका खाटेवरच्या माणसावर काढला. तुझं बोलणं होतं, माझं करणं आहे."

पिशवीतून त्यांनी बाटली काढून टेबलावर ठेवली. बुचावरचं मेण अजून ताजं होतं. "प्याले तुझेच राहू देत," त्या म्हणाल्या. सुनील हसला आणि लगेच त्यानं चष्मा काढून पुसला.

रविवारी घंटा वाजली तेव्हा मोहिनीबाई फाटकात होत्या. तिसऱ्या बाकावर खिडकीकडची जागा रिकामी होती. बाक भरलेला होता, दोघीतिघी अवघडून बसल्या होत्या, पण तेवढ्या जागेत कुणी बसलं नव्हतं. शेजारची मुलगी नुसती पाय आखडून सरकली, जणू काकू गेल्या रविवारीही इथंच होत्या. प्रभुभोजनाच्या वेळी छोट्या प्याल्यातला रस जिभेवर आला तेव्हा त्यांना खोडदचा मळा आठवला. पुण्याच्या उपासनेत सगळं होतं, फक्त सरकून जागा देणारं कुणी नव्हतं.

दुपारी सुनीलच्या गाडीतून तो, पाळकसाहेब आणि मोहिनीबाई असे तिघं निघाले. घोडेगाव मागे टाकून ते शिनोलीत शिरले. काय बोलायचं, याची मोहिनीबाईंनी वाटेत बरीच जुळवाजुळव केली होती.

मामा पडवीत खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. अंगात पांढराशुभ्र इस्त्रीचा सदरा, वरचं बटणसुद्धा लावलेलं. त्यांची सून प्राची बाहेर आली. "आज तुम्ही येणार हे त्यांना माहीत नव्हतं," ती हळूच म्हणाली. "दर पहिल्या रविवारी घालतात. ऊन कललं की काढून घडी करून ठेवतात. मी म्हटलं, जुन्नरला फोन लावते. तर म्हणाले, येणारा येईल, त्यांच्याबी काही अडचणी असत्यान. फोन करशील तर जेवायचा न्हाई."

मोहिनीबाईंनी जुळवलेलं सगळं तिथंच विरघळलं. त्या खाटेशी जाऊन मामांच्या कानाशी मोठ्यानं म्हणाल्या, "मामा, मी रुसून बसले होते. म्हणून कुणी आलं नाही. मला माफ करा."

मामांनी त्यांच्याकडे बघितलं. "रुसून?" ते म्हणाले. "एवढंच व्हय? म्या म्हणलं, कुणी आजारी हाय का काय." आणि बोळक्या तोंडानं हसले.

पाळकसाहेबांनी खुर्चीवर पांढरं कापड अंथरलं. प्रार्थना झाली. प्राचीही जवळ येऊन बसली. मोहिनीबाईंनी प्याला मामांच्या ओठाला लावला. घोट घेऊन मामांनी जीभ ओठांवरून फिरवली. मग म्हणाले, "चिमाबाईची द्राक्षं. गोड हाईत यंदा."

निघायच्या आधी त्यांनी पाळकसाहेबांना जवळ बोलावलं. नव्या माणसाला सांगितलं पाहिजे अशा थाटात म्हणाले, "साहेब, मला इथनं दुसरं काय जमत न्हाई. पर सकाळी उठलो की म्या आपल्या चर्चमधी जातो. मनानं. दारापासनं सुरू करतो, एकेका बाकाला थांबतो. हितं कोण बसतंय, त्याच्यासाठी मागतो. मग पुढच्या बाकाला. घंटा वाजवायचो तवा मागं हुभा ऱ्हायचो, सगळ्यांच्या पाठी पाठ हाईत मला." त्यांनी मोहिनीबाईंकडे मान वळवली. "तिसऱ्या बाकाला खिडकीशी ह्या. रोज बसवतो. कुठं गेल्यात व्हय ह्या, रोजच हितं हाईत."

मोहिनीबाईंनी तोंडाला पदर लावला. वर्षभर त्या घरी बसून रुसत होत्या आणि वर्षभर हा माणूस रोज सकाळी त्यांना त्यांच्या जागी नेऊन बसवत होता. त्यांनी मंडळी सोडली होती, पण मंडळीनं त्यांना सोडलं नव्हतं, आणि ते सांभाळणारा एकटा, खाटेवरचा, ज्याच्याकडे जायचं त्यांनी रागानं टाळलं होतं.

"बरं, आता सांगा," मामा उत्साहानं म्हणाले, "पाचव्या बाकावर त्या तरण्या जोडप्याचं पोर किती मोठं झालं? तो डाव्या अंगाचा भास्कर, त्याचा गुडघा कसा हाय? त्याच्या मागं बसती ती दळवीण, तिचा घर सोडून गेलेला ल्योक परत आला का?"

मोहिनीबाईंना एकाचंही उत्तर देता येईना. त्यांनी सुनीलकडे बघितलं. सुनीलला पोराचं ठाऊक होतं, गुडघ्याचं नव्हतं. दळवीणबाईंबद्दल पाळकसाहेबांनाही माहीत नव्हतं. त्या बऱ्याच दिवसांत दिसल्या नाहीत, एवढंच सुनीलच्या लक्षात आलं.

"असं कसं?" मामा म्हणाले. ते रागावले नव्हते, त्यांची नुसती अडचण झाली होती. "मला बाक जुनंच दिसत्यात. पुढच्या खेपेला समद्यांची खबर घेऊन या, नर्सबाई. न्हाई तर म्या मागू काय?"

पुढच्या रविवारी घंटा वाजायच्या आधीच मोहिनीबाई चर्चमध्ये होत्या. आपल्या जागी बसण्याआधी त्या दाराशी उभ्या राहिल्या, जिथं मामा उभे राहायचे तिथं, आणि पाठींवरून एक एक बाक बघून घेतला. भास्करच्या गुडघ्याचं विचारलं, पोराच्या गालाला हात लावला. दळवीणबाईंची जागा आजही रिकामी होती.

उपासना सुटल्यावर लोक आवारात गप्पा मारत थांबले. मोहिनीबाई थांबल्या नाहीत. वाटेत घरी गेल्या, रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून मिक्सर लावला, आणि चटणीचा डबा घेऊन बाजारपेठेमागच्या गल्लीत दळवीणबाईंच्या दाराची कडी वाजवली. आतून बराच वेळ कुणी आलं नाही. त्यांनी पुन्हा वाजवली.

दार अर्धं उघडलं. केस विंचरलेले नव्हते, डोळे सुजलेले. "कोण? मोहिनीबाई? तुम्ही कशा काय?"

"शांतवनमामांनी विचारलंय," मोहिनीबाई म्हणाल्या. "मला त्यांना जाऊन सांगायचंय. आत येऊ का?"

दळवीणबाईंनी दार पुरतं उघडलं आणि बाजूला सरकून त्यांना वाट दिली.